आधीं पडावयास शिकावें

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. मधल्या सुट्टींत पांचवीच्या वर्गाबाहेर गलका झाला म्हणून मी धांवत गेलों. व्हरांड्याच्या फरशीवर एक मुलगा आपलें डावें मनगट उजव्या हातांत घट्ट धरून रडत होता. दुसरा भिंतीला टेकून, चेहरा पांढरा फटक पडलेला, असा उभा होता. ह्या दुसऱ्या मुलास तीन महिन्यांपूर्वीं एका खासगी वर्गांत ज्युदो शिकावयास घातलें होतें. मित्राच्या आग्रहावरून त्यानें त्याच्यावर एक डाव करून दाखविला. डाव अचूक बसला, मित्र पडला, आणि त्याच्या मनगटाचें हाड मोडलें. दोघांत वैर नव्हतें, भांडणही नव्हतें. सायंकाळीं त्या मुलास जवळ बसवून मीं विचारलें, तेव्हां तो खालीं मान घालून म्हणाला, “सर, मला पाडायला येतं. पण त्याला पडायला येत नव्हतं.”

तें वाक्य मी विसरलों नाहीं. युद्धकलेच्या शिक्षणाविषयीं पुढें मीं जें वाचलें व पाहिलें, त्या सर्वांचें सार त्या दहा वर्षांच्या मुलानें नकळत सांगून टाकलें होतें. आज गांवोगांवीं कराटे, ज्युदो, तायक्वांदो यांचे वर्ग निघाले आहेत. कोठें कोठें लाठी आणि दांडपट्टा यांचेही वर्ग चालतात. प्रतिवर्षीं जून महिन्यांत कोणी ना कोणी पालक आम्हां शिक्षकांस विचारतात, “सर, मुलाला ह्या वर्गाला घालूं का? सहाच वर्षांचा आहे.” कोणाचें मूल भित्रें असतें, तें धीट व्हावें अशी इच्छा असते, कोणाचें दांडगें असतें, त्यास वळण लागावें अशी आशा असते, मुलींचे आईबाप तिच्या येण्याजाण्याची काळजी बोलून दाखवितात. ह्या प्रश्नास ‘होय’ किंवा ‘नाहीं’ असें एका शब्दाचें उत्तर देतां येत नाहीं. माझ्या मतें मूळ प्रश्न शिकवावें कीं नाहीं हा नसून, पहिल्या दिवशीं काय शिकवितात हा आहे. लहान मुलांस युद्धकला शिकवावयाची असेल तर प्रथम पडावयास, मग थांबावयास, आणि शेवटीं पाडावयास शिकवावें. हा क्रम उलटला कीं विद्येची अविद्या होते. तो असा कां, हें ह्या लेखांत सांगावयाचें आहे.

हा क्रम ज्यांनीं जगापुढें स्पष्टपणें मांडला ते गृहस्थ कोणी सेनापति नव्हते. ते शिक्षक होते. जिगोरो कानो यांचा जन्म जपानांत, कोबे शहराजवळील मिकागे येथें १८६० सालीं झाला. अंगानें ते किरकोळ. अभ्यासांत हुशार, परंतु शाळेंतील थोराड मुलांपुढें त्यांचें कांहीं चालत नसे. दुर्बळास बलवंताशीं सामना करतां येईल अशी ‘जुजुत्सु’ नांवाची एक जुनी विद्या आहे, असें त्यांच्या कानीं आलें. परंतु तो काळ बदलाचा होता. सामुराईंची सत्ता जाऊन जुन्या विद्या मागें पडल्या होत्या, आणि त्या विद्यांचे कांहीं गुरु मोडलेलीं हाडें बसवून पोट भरीत होते. कानो यांनीं अशा वैद्यांचा शोध घेत घेत १८७७ मध्यें फुकुदा नांवाचे गुरु मिळविले. पुढें विश्वविद्यालयाचें शिक्षण झाल्यावर १८८२ मध्यें तोक्यो शहरांतील एइशोजी ह्या बौद्ध मंदिरांत, अवघ्या बारा चटयांच्या जागेंत, त्यांनीं स्वतःची शाळा काढली. तिचें नांव कोदोकान. विद्येचें नांवही त्यांनीं पालटलें. ‘जुत्सु’ म्हणजे हिकमत. तिच्या जागीं त्यांनीं ‘दो’, म्हणजे मार्ग, हा शब्द घातला, आणि ती ज्युदो झाली. पुढें पुष्कळ वर्षें ते तोक्योंतील शिक्षक तयार करणाऱ्या उच्च विद्यालयाचे प्रमुख होते. १९०९ मध्यें ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले आशियाई सभासद झाले, आणि १९३८ मध्यें ह्याच समितीच्या कामावरून परत येतांना जहाजावर त्यांचें देहावसान झालें.

कानो यांनीं केवळ नांव बदललें नाहीं. जुन्या विद्येंत ठोसे, लाथा, सांधे पिरगळणें, गळा आवळणें हें सर्व होतें. रणांगणावर ज्याचा उपयोग तेंच सरावांत जोरानें करूं गेल्यास सोबती जायबंदी होई. आणि जोर न लावतां केल्यास विद्या कच्ची राही. ह्या पेचांतून त्यांनीं वाट काढली. जीं अंगें घातक होतीं तीं त्यांनीं ठराविक क्रमानें, दोघांच्या संमतीनें, सावकाश करावयाच्या पाठांत ठेविलीं. मोकळ्या झुंजींत मात्र असेच डाव घेतले कीं जे पुऱ्या ताकदीनें केले तरी सोबती उठून दुसऱ्या दिवशीं पुन्हां सरावास येऊं शकेल. परंतु तो उठून उभा राहावा ह्यासाठीं त्यास आधीं पडतां आलें पाहिजे. म्हणून नव्या विद्यार्थ्याचा पहिला पाठ पडण्याचा. जपानी भाषेंत ह्या पडण्याच्या कलेस ‘उकेमी’ म्हणतात.

आतां ही कला म्हणजे काय, तें पाहूं. तोल गेलेला मनुष्य काय करतो? तो हात पुढें करतो. ही स्वाभाविक प्रेरणा आहे, आणि तीच घात करते. कारण शरीराचा सारा भार क्षणभर तळहाताच्या लहानशा जागेवर येतो, तेथून मनगटावर आणि कोपरावर जातो. व्हरांड्यांत त्या मुलाचें मनगट मोडलें तें ह्याच कारणानें. विज्ञानाच्या तासाला विद्यार्थी शिकतात कीं, वेगानें येणारी वस्तु थांबावयास जितका वेळ अधिक लागेल तितका आघात सौम्य होतो, आणि भार जितक्या मोठ्या जागेवर पसरेल तितका त्या जागेवरील दाब कमी होतो. क्रिकेटचा चेंडू झेलतांना आपण हात मागें घेतों तो पहिल्या नियमास अनुसरून. वाळूंत चालतांना उंटाचा पसरट पाय रुतत नाहीं तो दुसऱ्या नियमास अनुसरून. उकेमीमध्यें हे दोन्हीं नियम एकत्र येतात.

हा पाठ पायरीपायरीनें चालतो. पहिल्या दिवशीं मूल उभें राहून पडत नाहीं. तें जाड चटईवर उताणें निजतें. हनुवटी छातीकडे ओढून घेऊन स्वतःच्या कमरपट्ट्याच्या गांठीकडे पाहावयाचें, म्हणजे डोकें चटईपासून उचललेलें राहतें. मग दोन्हीं हात शरीरापासून थोडे दूर ठेवून, तळवे खालीं करून, संपूर्ण बाहूंनीं चटईवर एकदम थाप मारावयाची व त्याच वेळीं श्वास सोडावयाचा. हें अंगवळणीं पडलें कीं बसलेल्या स्थितींतून मागें लोळावयाचें, नंतर उकिडव्या स्थितींतून, नंतर उभ्यानें. पुढें एका कुशीवर पडणें येतें, आणि त्यानंतर एका खांद्यावरून तिरकस, चाकासारखें गडगडत पुढें जाऊन उभें राहणें. हें सारें एकट्यानें निर्धास्तपणें करतां येऊं लागलें म्हणजेच सोबत्यानें हळूच पाडावयाचें. ह्यास किती आठवडे लागतील तें मुलागणिक वेगळें. ज्या वर्गांत ही शिडी चढण्याची घाई होते, तेथें आघाताचें बी तेव्हांच पेरलें जातें.

लहान मुलांच्या बाबतींत ह्या शिडीस अधिक महत्त्व कां, तेंही समजून घेतलें पाहिजे. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ मनुष्य नव्हे. त्याचें डोकें शरीराच्या मानानें मोठें असतें आणि तें सांवरणारी मान अशक्त असते. त्याच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचे नाजूक थर असतात. हाड वाढतें तें तेथेंच. त्या थरास जबर दुखापत झाली तर हाडाच्या पुढील वाढींत वैगुण्य राहूं शकतें. परंतु सर्वांत मोठें भय मेंदूचें. मेंदूच्या पृष्ठभागावरून कवटीलगतच्या मोठ्या रक्तमार्गांकडे बारीक शिरा गेलेल्या असतात. मूल मागें आदळून डोक्यास जोराचा हिसका बसला तर कवटी थांबते, पण आंतील मेंदू क्षणभर फिरत राहतो, आणि ह्या शिरा ताणून तुटूं शकतात. मग आंत रक्त सांचून मेंदूवर दाब पडूं लागतो. बाहेर जखम दिसत नाहीं. मूल कदाचित् उठून चालूंही लागतें. आणि कांहीं वेळानें बेशुद्ध होतें. हनुवटी छातीशीं धरण्याची ती क्षुल्लक दिसणारी संवय ह्या संकटाविरुद्ध असलेली पहिली ढाल आहे.

हें भय काल्पनिक नाहीं. ज्या देशानें ही कला जगास दिली त्या जपानांतच तिच्या शिक्षणाची कटु बाजू उघड झाली. १९८३ पासूनच्या तीन दशकांहून कमी काळांत तेथील शाळांमध्यें ज्युदो करतांना शंभराहून अधिक विद्यार्थी मृत्युमुखीं पडले, आणि त्यांतील पुष्कळांचें कारण डोक्याची दुखापत हें होतें. पाय मागून खेचून सोबत्यास पाठीवर पाडण्याचा एक डाव आहे. तो नवशिक्यांवर केला जाऊन अनेक अपघात घडले. २०१२ पासून तेथील माध्यमिक शाळांच्या खालच्या वर्गांत युद्धकला हा विषय आवश्यक झाला, तेव्हां मृत मुलांचे आईबाप व संशोधक यांनीं हे आंकडे लोकांपुढें मांडले. शिक्षकांचें प्रशिक्षण आणि सुरक्षिततेचे नियम यांकडे लक्ष गेलें. पुढें २०२२ मध्यें जपानच्या ज्युदो महासंघानें प्राथमिक शाळेंतील मुलांची वैयक्तिक राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली. कारण असें दिलें कीं, जिंकण्याच्या हव्यासापायीं मोठीं माणसें मुलांवर नको तो भार टाकीत होतीं: कोवळ्या मुलांस वजन कमी करावयास लावणें, पराभव झाल्यास ओरडणें, पंचांस दूषणें देणें, असे प्रकार चालले होते. वाचकहो, दोष येथें कलेचा नव्हता. जी शिडी पडण्यापासून सुरू व्हावयाची, ती मोठ्यांनीं पदकापासून सुरू केली, हा दोष होता.

कराटेचा इतिहासही हीच गोष्ट दुसऱ्या रीतीनें सांगतो. कराटेची जन्मभूमि ओकिनावा बेट. तेथें ही विद्या फार दिवस खासगी रीतीनें, निवडक शिष्यांस शिकवीत. इतोसु आंको नांवाच्या वृद्ध गुरूंनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं ती प्राथमिक शाळेंत आणली. घातक प्रहार मुलांच्या हातीं देणें धोक्याचें आहे हें ओळखून त्यांनीं मुलांस झेपतील असे पांच पाठ तयार केले. रांगेंत उभें राहून, गुरूच्या आज्ञेबरोबर, हवेंत करावयाचे हे पाठ. समोर प्रतिस्पर्धी नाहीं, कोणास मारणें नाहीं. त्या पाठांना त्यांनीं ‘पिनान’ असें नांव दिलें. त्याचा अर्थ शांति व स्वास्थ्य. युद्धकलेच्या बालपाठास शांतीचें नांव द्यावें, हें मोठें मार्मिक आहे. त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन हेही व्यवसायानें शाळाशिक्षक. १९२२ मध्यें त्यांनीं तोक्योंत ह्या विद्येचें प्रात्यक्षिक केलें आणि तेथून ती जगभर पसरली. कराटेंत पहिला वार आपला नसतो, ही त्यांची शिकवण प्रसिद्ध आहे.

तथापि हीच साधनें उलट्या कामींही लावतां येतात, हें विसरूं नये. महायुद्धापूर्वीं आणि युद्धकाळांत जपानी राज्यकर्त्यांनीं शाळेंतील युद्धकला लष्करी वृत्ति वाढविण्यास वापरली. १९४५ च्या पराभवानंतर ती शाळांतून बंद करण्यांत आली, आणि ज्युदो १९५० मध्यें परत आला तो खेळ म्हणून. ज्या हातीं मूल सोंपवावयाचें त्या हातांचा हेतु काय, हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक देशांतील पालकांनीं विचारला पाहिजे.

आपल्या देशांत ज्युदो नवा नाहीं. रवींद्रनाथ ठाकूर यांनीं १९२९ मध्यें ताकागाकी नांवाच्या जपानी गुरूंस शांतिनिकेतनांत बोलाविलें होतें, आणि तेथें मुलांबरोबर मुलींनीही हे पाठ घेतले. परंतु ज्युदो येण्यापूर्वींही आपल्या महाराष्ट्रांतील वस्तादांस पडण्याचें मर्म ठाऊक होतें. कोल्हापुराकडील तालमींत हौद्यांत तांबडी माती असते. ती नुसती माती नव्हे. तींत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मुरवितात, आणि रोज खोऱ्यानें उकरून भुसभुशीत करतात. पोरगा तालमींत आला कीं डाव शिकण्याआधीं तो खोरें हातीं घेतो. ज्या मातींत आपला सोबती पडणार ती मऊ करण्याचें काम आपलें, हा पहिला धडा त्यास न बोलतां मिळतो. मर्दानी खेळांत मुलाच्या हातीं आरंभीं तलवार देत नाहींत; चामड्यानें मढविलेली काठी आणि लहान ढाल देतात, ह्यासच फरीगदगा म्हणतात. आणि मलखांबांत तर प्रतिस्पर्धीच नाहीं. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधर यांनीं ज्यास नवें जीवन दिलें त्या ह्या व्यायामांत मूल लांकडाशीं झुंजतें, म्हणजे खरोखर स्वतःच्या भीतीशींच झुंजतें. १९५२ मध्यें हेलसिंकी येथें स्वतंत्र भारतास पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव हे कराडजवळच्या गोळेश्वरचे. त्यांचे वडील स्वतः कुस्तीगीर होते आणि मुलाचे पहिले गुरुही तेच. बापाच्या देखरेखीखालीं मातींत लोळण्यापासून झालेला हा आरंभ होता, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां कोणत्या वयांत काय शिकवावें, ह्याविषयीं थोडें. पांच ते सात वर्षांच्या मुलास हा ‘विषय’ वाटतां कामा नये. लोळणें, कोलांटी, बेडूकउड्या, एका पायावर तोल सांभाळणें, आणि खूण होतांच जागच्या जागीं थांबणें, हे खेळ त्यास पुरेत. आठ ते दहा वर्षांपर्यंत पडण्याचे सर्व प्रकार, पवित्रे आणि एकट्यानें करावयाचे पाठ घ्यावे. सोबत्याशीं झोंबी गुडघ्यांवर बसून व्हावी, म्हणजे पडण्याची उंची कमी राहते. उभ्यानें पाडण्याचे सोपे डाव त्यानंतर, आणि जोड सारख्या वजनाची असावी. गळा आवळणें व सांधे पिरगळणें हीं अंगें लहान वयांत मुळींच नकोत. डोक्यावर प्रहार करूं देऊं नये; शिरस्त्राण घातलें म्हणजे मेंदू सुरक्षित झाला, हा भ्रम आहे. तें कातडी फाटूं देत नाहीं, पण आंतील मेंदूस बसणारा हिसका थांबवूं शकत नाहीं. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेंही २०१६ मध्यें हाच इशारा देऊन, शरीर आणि मन यांची पुरेशी तयारी झाल्यावांचून मुलांस स्पर्धेंत वा अंगाशीं भिडणाऱ्या झुंजींत उतरवूं नये, असें सांगितलें आहे.

पडण्याच्या जोडीला दुसरी गोष्ट शिकवावयाची ती थांबण्याची. ज्युदोंत एक सुंदर रीत आहे. पकडींत सांपडलेल्यास सहन होईना तर त्यानें हातानें दोनदां थोपटावें. तत्क्षणीं सोबत्यानें पकड सोडलीच पाहिजे. कारण विचारावयाचें नाहीं, आणखी एक क्षण ताणून पाहावयाचें नाहीं. मला वाटतें, साऱ्या विद्येचें हृदय ह्या दोन थापांत आहे. जो थापतो तो आपली मर्यादा लाज न बाळगतां कबूल करावयास शिकतो. जो सोडतो तो हातीं आलेली सत्ता दुसऱ्याच्या शब्दावर खालीं ठेवावयास शिकतो. कानो यांनीं आपल्या शाळेस जीं दोन तत्त्वें दिलीं त्यांत एक होतें शक्तीचा योग्य उपयोग, आणि दुसरें, आपलें व दुसऱ्याचें कल्याण एकत्रच साधणें. सोबत्यानें आपलें शरीर विश्वासानें आपल्या हातीं दिलेलें असतें. तें जसें घेतलें तसें परत करावयाचें, हा ह्या विद्येंतील प्रामाणिकपणा होय.

येथें आमच्या शाळेंतील कित्येक पालक मला एक प्रश्न विचारतात, आणि तो मींही स्वतःस विचारलेला आहे. एका गालावर मारणाऱ्यापुढें दुसरा गाल करावा, असें ज्या प्रभूनें शिकविलें त्याच्या नांवानें चालणाऱ्या शाळेंत मुलांस झुंजावयास शिकवावें काय? माझी समजूत अशी आहे. भयानें हात न उचलणें आणि प्रेमानें हात आवरणें, ह्या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात, पण आंतून अगदीं भिन्न आहेत. ज्याच्या हातीं कांहींच नाहीं त्याला आवरावयाचें तरी काय? जें मूल पडावयास भीत नाहीं त्यास रागाचें कारण कमी उरतें. आणि थांबण्याची ज्यास संवय झाली त्याचा हात उचलला गेला तरी वेळीं थबकतो. ह्या अर्थानें योग्य शिक्षण सौम्यतेच्या आड येत नाहीं, उलट तिला बळ देतें.

परंतु ह्यापुढचें बोलणें अधिक महत्त्वाचें आहे. एखाद्या मुलास कोणी वारंवार छळत असेल, तर त्यास कराटेच्या वर्गास पाठवून आपण मोकळे झालों असें पालकांनीं आणि आम्हीं शिक्षकांनीं कदापि मानूं नये. दुर्बळाचें रक्षण करणें हें मोठ्यांचें कर्तव्य आहे. तें आठ वर्षांच्या मुलाच्या मुठींत कोंबून देणें हा कर्तव्यापासून पळ आहे. ज्या शाळेंत मुलास आपल्या बचावासाठीं मूठ वळावी लागते, तेथें उणीव त्याच्या मुठींत नसून आमच्या डोळ्यांत आहे. तसेंच मुलींस सांगावें कीं, संकटांत ओरडणें, पळून जाणें आणि घरीं येऊन सांगणें हेंही आत्मसंरक्षणच होय, आणि बहुधा तेंच सर्वांत परिणामकारक असतें. थोडे डाव आले म्हणून मोठ्या माणसाशीं झुंजतां येईल, असें खोटें आश्वासन कोणत्याही मुलामुलीस देऊं नये.

म्हणून पालकांस विनंति आहे कीं, मुलाचें नांव घालण्यापूर्वीं आपण स्वतः जाऊन एक दोन दिवस वर्ग पाहावा. भिंतीवरील ढालीं-पदकांकडे न पाहतां जमिनीकडे पाहावें: तेथें जाड चटया आहेत कीं नुसती फरशी? नव्या मुलास पहिल्या महिन्यांत काय करावयास लावतात? एका गुरूकडे किती मुलें आहेत, आणि त्या प्रत्येकावर त्यांची नजर पोंचते काय? पडलेल्या मुलास ते हंसतात, ओरडतात, कीं कसें पडावयास हवें होतें तें पुन्हां दाखवितात? पालकांस बसून पाहण्याची मोकळीक आहे काय? जेथें आईबापांस दार बंद असतें तेथें मूल ठेवूं नये, मग गुरूची कीर्ति केवढीही असो. आणि एक नियम घरांत सर्वांनीं पाठ करावा: डोक्यास मार लागल्यावर डोकें दुखणें, वांति होणें, गुंगी येणें, बोलण्यांत गोंधळ होणें, ह्यांपैकीं कांहींही दिसलें तर मुलास तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें; आणि लक्षण दिसो वा न दिसो, त्या दिवशीं पुन्हां सराव करूं देऊं नये. “कांहीं होत नाहीं, मर्द बन,” हे शब्द अशा वेळीं उच्चारणाऱ्या गुरूस दुरूनच नमस्कार करावा.

विद्यार्थिमित्रांनो, आतां त्या दोन मुलांची गोष्ट पुरी करतों. मनगट बरें झालें, आणि डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर तो मुलगा एके दिवशीं माझ्याकडे आला व म्हणाला, “सर, मलापण शिकायचंय. आधी पडायला.” आमच्या व्यायामशिक्षकांनीं तें शिकविण्याची रीत एका जाणत्या गुरूंकडून स्वतः शिकून घेतली, सभागृहांत जाड गाद्या घातल्या, आणि त्या दोघांसह वर्गांतील सर्व मुलामुलींस हनुवटी छातीशीं धरून लोळावयास लाविलें. पहिल्या दिवशीं हंसण्याचा कल्लोळ झाला. महिन्याभरानें त्यांतील निम्मीं अधिक मुलें पाठीवर पडून, थाप मारून, क्षणांत उभीं राहूं लागलीं. ज्यानें मित्रास पाडलें होतें तो प्रत्येक वेळीं आधीं गादी सारखी करी, आणि मगच सोबत्याचा हात धरी. त्यास तसें करावयास कोणी सांगितलें नव्हतें.

नीतिसूत्रांच्या पुस्तकांत, नीतिमान मनुष्य कधीं पडत नाहीं असें म्हटलेलें नाहीं; तो कितीदांही पडला तरी पुन्हां उठतो, एवढेंच म्हटलें आहे. तुम्हींही पडाल, मैदानावर पडाल, परीक्षेंत पडाल, मोठेपणीं ह्याहून कठीण जागीं पडाल. तेव्हां डोकें सांभाळा, श्वास सोडा, आणि उठा. आणि तुमच्या हातून दुसरा कोणी पडणार असेल, तर आधीं त्याच्या पायाखालची जमीन पाहून घ्या.